बटण दाबून सरळ केलेली रेघ

नगरच्या एमआयडीसीतल्या एका औषध कंपनीत मी नवी केमिस्ट होते, अजून कायम झाले नव्हते. आमच्या लॅबमध्ये पाऊण वाजला की सगळ्यांचे डबे एकदम उघडायचे आणि मागे राहणाऱ्याला नुसता ठेचा उरायचा. म्हणून जेवणाआधीची शेवटची तपासणी कशी उरकली जायची, ते विचारूच नका.

त्या दिवशी एका ड्रममधल्या कच्च्या मालाची पूड मी पोटॅशियम ब्रोमाइडच्या क्षारात घाईघाईने खलली, दाबून चकती केली आणि इन्फ्रारेडच्या मशिनात ठेवली. आलेखाची बेसलाइन, म्हणजे पायाची रेघ, सपाट यायला हवी, ती आली घसरगुंडीसारखी तिरकी. पूड जाडी राहिली की प्रकाश विखुरतो आणि असं होतं, हे मला माहीत होतं. पुन्हा खलायला हवं होतं. पण आमचे सीनियर डबा उघडता उघडता म्हणाले, "ताई, लई डोकं नका लावू. रेघंवर चार खुणा करा, बटन दाबा. हुतीय सरळ." मी नेहमीसारख्या खुणा केल्या, बटण दाबलं, सही ठोकली आणि जेवायला बसले.

पहिल्याच घासाला ती रेघ पुन्हा डोळ्यांसमोर आली. त्या तिरक्या रेघेत डावीकडे एक पसरट खळगा होता. तसा खळगा पाण्याचा असतो, म्हणजे मालाला ओल लागलेली असू शकत होती. खूण केलेली जागा मशिन सपाट धरतं; माझी एक खूण नेमकी त्याच्या पोटात पडली होती आणि रेघेबरोबर तोही सपाट झाला होता. तीन वाजता तो ड्रम लहान मुलांच्या औषधासाठी जाणार होता.

मी ताटावरून उठले. पाणी आमच्या क्षारातलंच निघू दे, असा देवाचा धावा करत होते. क्षाराची बशी सकाळपासून उघडीच होती, त्याला ओल धरली असेल. नुसत्या क्षाराची चकती लावून पाहिली. रेघ स्वच्छ आली. मग मनगट भरून येईपर्यंत माल खलला. तिरकेपणा गेला, खळगा तसाच राहिला; पाणी मालातच होतं.

मॅनेजरसाहेबांना मी सगळं सांगितलं. त्यांनी आधी फोन करून ड्रम थांबवला.

"बटण दाबायला कोणी सांगितलं?"

सीनियर दारातच उभे होते, खाली बघत. "मीच दाबलं, सर," मी म्हणाले.

साहेब चिडले नाहीत, त्याचीच जास्त भीती वाटली. "याआधी अशा किती रेघा सरळ केल्यात?"

मला आठवेना. आणि ते सगळे ड्रम वापरून झाले होते.