फळीवर पाळत

एकाच वस्तूला दोन माणसांनी एकाच वेळी हात लावला की जगाची वाट लागायला सुरुवात होते, असं मनापासून मानणारा माणूस मुलुंडपासून अंधेरीपर्यंत एकच असेल आणि तो नेमका माझा साडू आहे. त्याच्या पंगतीला बसणं म्हणजे परीक्षा. लोणच्याच्या बरणीवर हात ठेवतो आणि तसाच थांबतो. उघडत नाही, उचलत नाही. पलीकडून आणखी कुणाचा हात येतोय का ते डोळे बारीक करून बघतो. आला तर त्याला कोण आनंद! नाही आला तर निमूटपणे एक फोड वाढून घेतो. "अरे, जेव ना," म्हटलं तर म्हणतो, "थांब रे जरा, बघू दे." माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीने त्याच्याशी इतकी वर्षं संसार केला, याबद्दल तिचा जाहीर सत्कार व्हायला हवा असं माझं मत आहे.

त्याच्या नोकरीविषयी सासरी सुरुवातीपासूनच घोळ आहे. लग्न ठरताना त्याने "मी कर्नलवर काम करतो" असं सांगितलं आणि सासूबाईंनी घाटकोपरच्या त्यांच्या सोसायटीत मोठा जावई कर्नलकडे असतो असं कळवून टाकलं. साखरपुड्यात एका काकांनी त्याला बाजूला घेऊन सीमेवरची परिस्थिती विचारली. हा गंभीरपणे म्हणाला, "फार वाईट आहे, काका. सगळे एकमेकांच्या हद्दीत शिरतात." काकांचं पूर्ण समाधान झालं. मी शाळेत भूगोल शिकवतो, त्यामुळे मला संगणकातलं ओ की ठो कळत नाही, पण चौकसपणा जन्मजात. म्हणून मी त्याच्यामागे लागून हे कर्नल प्रकरण समजून घेतलं. कर्नल म्हणजे संगणकाच्या पोटातली मूळ यंत्रणा. बाकी सगळं तिच्या जिवावर चालतं. तिथे अनेक कामं एकदम चालू असतात आणि कधीकधी दोन कामं एकमेकांना न विचारता स्मृतीतल्या एकाच जागेवर हात मारतात. याला ते लोक शर्यत म्हणतात. माणसांनी लिहिलेला मजकूर यंत्राच्या भाषेत उतरवणारा कंपायलर नावाचा एक दुभाषा असतो. माझा साडू त्या दुभाष्याला सांगून ठेवतो की उतरवताना जिथे जिथे स्मृतीला हात लागेल, तिथे तिथे गुपचूप एक पहारेकरी घुसव. हा पहारेकरी अधूनमधून एखादी जागा धरतो, क्षणभर तिथेच रेंगाळतो आणि तेवढ्यात दुसरं कुणी आलं की दोघांचीही नावं ओरडून सांगतो. लोणच्याच्या बरणीचा उलगडा मला तेव्हा झाला.

"म्हणजे जिकडेतिकडे पहारेकरी?" मी विचारलं.

"छे रे! यंत्र जागं होत असतं ना, तिथे नाही. पहारेकरीच धड उभा राहिलेला नसतो. आणि पहारेकऱ्यावर पहारेकरी तर बिलकुल नाही. एकमेकांना हाका मारत बसतील, काम राहील बाजूला."

एका गणपतीत आमटी खारट झाली. दोघी बहिणी एकमेकींकडे बघायला लागल्या. दोघींनीही चव घेतली होती, दोघींनाही ती अळणी लागली होती आणि दोघींनीही मीठ घातलं होतं. पाहुणे पाणी पीत होते आणि हा एकटा आमटीची दुसरी वाटी घेत म्हणत होता, "झकास! दरवर्षी दोघी चव घेतात, पण जमून येतं ते कधीतरीच. म्हणून तर हे सापडत नाही, यार!" मेव्हणी त्याच्याशी विसर्जनापर्यंत बोलली नाही.

पण याच खुळाने एकदा सासूबाईंचं घर वाचवलं. सासरे गेल्यावर त्या घाटकोपरला एकट्याच राहत होत्या, आणि मजेत राहत होत्या. मग त्यांना चक्कर यायला लागली. एकदा बाथरूमच्या दाराशी पडता पडता वाचल्या. डॉक्टर म्हणाले, रक्तदाब फार उतरतोय, पण तो वाढू नये म्हणून दिलेली गोळी तर बरोबर आहे. दोघी बहिणींनी ठरवलं की आता आईला एकटं ठेवायचं नाही, घर बंद करायचं. सासूबाई म्हणाल्या, "मला इथून हलवलंत तर मी चक्कर न येताच पडेन." तरीही मुलींनी भांडी बांधायला काढली.

साडू म्हणाला, "थोडे दिवस द्या." त्याने रजा घेतली आणि सासूबाईंच्या स्वयंपाकघरात स्टूल टाकून बसला. त्यांनी चहाचा डबा काढला की हा बघतोय, हिंगाची डबी काढली की हा बघतोय. सकाळचा चहा होईपर्यंत मात्र स्वयंपाकघरात पाऊल टाकायचा नाही.

शेवटी त्या वैतागल्या. "जावईबापू, माझ्यावर पाळत ठेवताय होय?"

"तुमच्यावर नाही हो आई. फळीवर."

त्याच फळीवर त्याला गोळ्यांची दोन पाकिटं दिसली. एकातल्या गोळ्या पांढऱ्या, एकातल्या गुलाबी. हे काय, म्हणून विचारलं तर सासूबाई सहज म्हणाल्या, "ही मोठीची गोळी, ही धाकटीची."

दोघींनी आपापल्या भागातल्या दुकानातून आईसाठी औषध आणलं होतं. औषध एकच, फक्त कंपन्या वेगळ्या. दोघीही संध्याकाळी फोन करून "आई, गोळी घेतलीस ना?" विचारायच्या, आणि आई कुणाचंच मन मोडत नव्हती. मोठीचा फोन आला की मोठीची गोळी घ्यायची, धाकटीचा आला की धाकटीची. एखाद्या संध्याकाळी एकीचा फोन राहिला की त्या दिवशी चक्कर नाही. डॉक्टरांना मात्र दरवेळी एकच पाकीट दाखवलं जायचं, जी मुलगी बरोबर असेल तिचं. भांडी परत मांडणीवर गेली.

साडूने लगेच त्याच्या भाषेतलं कुलूप ठोकलं, म्हणजे एका वस्तूला एकच हात. गोळी फक्त मोठीने आणायची आणि फोनही फक्त मोठीने करायचा. चक्कर थांबली. पण पुढच्या खेपेला आम्ही गेलो तर सासूबाई मलूल दिसल्या. चहा केला, बोलल्या मात्र बेताच्या. जरा वेळाने म्हणाल्या, "मोठीला धाकटीचं सांगायचे, धाकटीला मोठीचं. आता कुणाला काय सांगू?"

साडूने कप खाली ठेवला. मग म्हणाला, "गोळीचं कुलूप राहू दे. फोनचं काढा. दोघींनी करा, हवे तेव्हा करा, एकदम करा."

परतताना मी त्याला चिडवलं, "काय रे, शर्यत परत सुरू केलीस?"

"काही शर्यतींना आम्ही पहारेकऱ्यासाठी खूण करून ठेवतो," तो म्हणाला. "ही आम्हाला माहीत आहे, मुद्दाम चालू ठेवली आहे, ओरडू नकोस म्हणून." मग रिक्षाच्या बाहेर बघत म्हणाला, "मला मावशीने एकटीने वाढवलं ना. मी जेवलो की नाही हे विचारायला दोघांची झटापट व्हावी, असं कधी झालंच नाही."

इतकी वर्षं या माणसाची मनसोक्त थट्टा केली आणि हे कधी डोक्यातच आलं नव्हतं. त्याच्या गुडघ्यावर थाप मारली, झालं.

हल्ली त्याच्या वाढदिवसाला बायको तिच्या फोनवरून आणि मी माझ्या फोनवरून ठरवून एकाच वेळी त्याला फोन लावतो. एकाचा लागतो, दुसऱ्याला तो व्यस्त असल्याचं ऐकू येतं. ज्याचा लागतो त्याचे आभार वगैरे तो मानत नाही. आधी विचारतो, "दुसरं कोण लावतंय रे?"