तोंडाचं भिंग

माझ्या बायकोला विचारलंत तर ती सांगेल, या माणसाच्या पोटात काही म्हणता काही राहत नाही. तिचं चुकतं. एक गोष्ट राहिली आहे. लग्नाच्या आधीपासून राहिली आहे, आणि ती तिलाही ठाऊक नाही, मुलांनाही नाही. ज्याला सांगायला हवी होती त्याला तर नाहीच सांगितली. आज तुम्हाला सांगतो. आजच का? ते मला विचारू नका, माझं मलाच नीट कळलेलं नाही.

गोष्ट तशी सामानाची आहे. प्रवासाला निघताना पेटीत काय ठेवायचं आणि काय मागं ठेवायचं, एवढीच. तुम्ही म्हणाल, यात लपवण्यासारखं काय आहे? मीही बरीच वर्षं असंच म्हणत होतो.

मी तेव्हा गुलबर्ग्यात शरणप्पाअण्णांच्या फोटो स्टुडिओत कामाला होतो. निजामाचं राज्य होतं. बाहेर कुठं तरी महायुद्ध चालू होतं आणि त्याची झळ आम्हाला लागली ती एवढीच, की फोटोच्या काचेच्या प्लेटा मिळेनाशा झाल्या होत्या. मी ठाणाकुशनूरचा, शेतकऱ्याच्या घरातला. अण्णा मुडबीचे, लिंगायत. घरात कन्नड, दुकानात मराठी, आणि गिऱ्हाईक साहेबलोकांपैकी असेल तर दखनी उर्दू. अंधारात प्लेट कशी धरायची इथपासून ते म्हाताऱ्या माणसाला न दुखवता हनुवटी वर कशी करायला सांगायची इथपर्यंत सगळं मला त्यांनी शिकवलं.

आणि मग त्यांचे डोळे गेले. काचबिंदू. एकदम नाही गेले, दोनतीन वर्षांत हळूहळू गेले. समोर कुणी तरी उभं आहे एवढं कळायचं, कोण ते आवाजावरून. त्यामुळं काळ्या कापडाखाली डोकं घालणारा मी, प्लेट धुणारा मी, छापणारा मी – आणि लोक म्हणायचे, ‘अण्णांनी काय फोटो काढलाय!’ मला राग यायचा का? यायचा. खोटं कशाला बोलू. अण्णांचा नाही यायचा, पण यायचा.

आमच्याकडं तीन भिंगं होती. एक रुंद, त्यात सगळा देखावा मावायचा. एक दूरचं, लांबची वस्तू ओढून जवळ आणणारं. आणि तिसरं अण्णांचं लाडकं, जाड पितळी नळीचं, माणसाचा चेहरा जसा आहे तसा उतरवणारं. त्याला आम्ही ‘तोंडाचं’ म्हणायचो. युद्धामुळं भिंग फुटलं तर दुसरं मिळणं नव्हतं, म्हणून अण्णा त्यांना मखमल लावलेल्या पेटीखेरीज कुठं ठेवू देत नसत. प्रवासाची पेटी एकच होती आणि तिला भिंगांचे खण दोनच होते.

दिवाळी नुकतीच झाली होती. एका जहागीरदार साहेबांना मोटारीनं गुलबर्ग्याहून बीदरपर्यंत जायचं होतं आणि वाटेतल्या सुंदर जागांचा अल्बम करून हैदराबादेत कुणाला तरी भेट द्यायचा होता. कल्याणीचा किल्ला, कारंजा नदीचं पाणी, बीदरची लाल माती, अष्टूरच्या बहामनी सुलतानांच्या कबरींचे घुमट. त्यांच्या कारकुनानं बजावलं होतं, माणसं दोन, पेटी एक, गाठोडं-बिठोडं काही चालणार नाही. प्लेटा जेमतेम बारा जमल्या होत्या.

आदल्या दिवशी दुपारी अण्णा दुकानात येऊन बसले आणि म्हणाले, “माणिक, रुंद घे आन् तोंडाचं घे. देखाव्याला रुंद पुरतंय. वाटंत मुडबी हाय. अव्वाचा फोटो काढायचा या खेपेला. मी त्याच्यासाठीच यायलोय, मला देखावा काय दिसणार हाय?”

स्वतःच हसले. अव्वा म्हणजे त्यांची आई. वय ऐंशीच्या आसपास. पोरगा जन्मभर गावोगावच्या लोकांचे फोटो काढत आला आणि आईचा एकही नाही. असं होतं बघा. आज काढू, उद्या काढू, आईच आहे, कुठं जाते? आणि आता त्यांना स्वतःला ती दिसत नव्हती. मग फोटो कशाला, असं मी मनात म्हणालो होतो. हेही सांगून टाकतो. ज्याला दिसत नाही त्याला फोटो कशाला?

मला दूरचं भिंग हवं होतं. अष्टूरचे घुमट बीदरच्या किल्ल्यावरून पाहिलेत का तुम्ही? मधे सगळी शेतं, आणि पलीकडं ते ओळीनं उभे. रुंद भिंगात ते हरभऱ्याएवढे दिसतात. दूरच्या भिंगानं ओढले तर काय दिसतील हे माझ्या डोक्यात दोन वर्षं घोळत होतं. साहेब बघतील, विचारतील, हा कुणी काढला? आणि तो मी काढलेला असेल.

अण्णा जेवायला घरी गेले तेव्हा मी तोंडाचं भिंग खणातून काढलं आणि तिथं दूरचं ठेवलं. वजनाला दोन्ही सारखीच. संध्याकाळी अण्णांनी पेटी उचलून पाहिली आणि विचारलं, “तोंडाचं घेतलास न्हवं?” मी म्हणालो, “व्हय अण्णा.”

एवढंच. एका शब्दाचं खोटं. मुडबीला गेल्यावर काही तरी करू, असं मी ठरवलं होतं. काय करू, ते ठरवलं नव्हतं.

आता आमच्या धंद्यातली एक खोड सांगायला हवी. जत्रेत, वाटेत, लोक कॅमेऱ्याभोवती गर्दी करायचे. माझा काढा, माझा काढा. प्रत्येकावर प्लेट कुठून घालणार? मग फोटोवाला प्लेटच न घालता कॅमेरा लावायचा, भिंगाचं टोपण काढायचा, आकडे मोजायचा, टोपण लावायचा आणि म्हणायचा, झाला. माणूस खूश होऊन जायचा. याला ‘कोरी देणं’ म्हणत. सगळे देत. अण्णा मात्र देत नसत. मला त्यांनी पहिल्याच वर्षी सांगितलं होतं, काढायचा नसला तर न्हाई म्हण, शिव्या खा, पण कोरी देऊ नको.

मुडबीला पोचलो तेव्हा ऊन चांगलं वर आलं होतं. मोटार वेशीजवळ थांबली. साहेबांनी पाव तास दिला होता. अण्णांचं घर जवळच होतं. अंगण एवढंसं, चारपाच पावलांचं. अव्वा आधीच तयार होऊन बसली होती. नवं इरकल लुगडं, कपाळावर विभूतीचे ताजे पट्टे. तोंड लाल दिसू नये म्हणून सकाळपासून तिनं पान खाल्लं नव्हतं, असं अण्णांच्या थोरल्या बहिणीनं, गंगाक्कानं, कौतुकानं सांगितलं. गंगाक्का लवकर विधवा झालेली, आईजवळच राहायची. तिनं अव्वाला लाकडी पाटावर बसवलं, पदर सारखा केला. बाहेर अंगणाच्या तोंडाशी दहावीस माणसं उभी राहिली.

मी कॅमेरा उभा केला. अण्णांचा हात पेटीकडं आला. भिंगं ते बोटांनी ओळखत, नळीवरची रेघ चाचपून. मी घाईनं म्हणालो, “बसवलंय अण्णा, तुम्ही अव्वाजवळ थांबा.” ते गेले. पोराच्या हौसेनं गेले.

दूरच्या भिंगाला एवढ्या जवळचं दिसत नाही. मी काळ्या कापडाखाली डोकं घातलं तेव्हा काचेवर नुसतं पांढरं होतं, दुधात पाणी घातल्यासारखं. ते लुगडं होतं का तोंड होतं, मला सांगता आलं नसतं. मग दुसरं काही करता आलं नसतं का? आलं असतं. पेटीत रुंद भिंग होतं. अगदी जवळ नेऊन त्यानं काढला असता तर नाक थोडं मोठं आलं असतं, कान मागं गेले असते. लोक हसले असते. पण ती अव्वा असती. त्यासाठी मला सगळ्यांसमोर भिंग बदलावं लागलं असतं, आणि अण्णांनी विचारलं असतं, कामून बदलायलास? वेशीवरून ड्रायव्हरनं भोंगा वाजवला, पाठोपाठ त्याची हाक आली – “चलो मियाँ, साब गरम होरैं!”

मी कोरी दिली.

टोपण काढलं आणि मोठ्यानं आठपर्यंत मोजलं. ती म्हातारी आठ आकडे श्वास रोखून बसली, जराही हलली नाही. मी आजवर काढलेल्या माणसांत इतकं स्थिर कुणी बसलेलं मला आठवत नाही. टोपण लावल्यावर तिनं विचारलं, “दिसले का रं मी तुला त्यातून?”

“व्हय अव्वा,” मी म्हणालो, “झकास.”

बीदरला अष्टूरच्या घुमटांवर मी चार प्लेटा घातल्या. फोटो मनासारखा आला. पुढं अल्बम बघताना साहेबांनी विचारलं, कुणी काढला, आणि अण्णांनीच पुढं होऊन सांगितलं, आमच्या माणिकनं. मला त्या वेळी काय वाटलं? आनंद झाला. मुडबीची आठवण त्या दिवशी मला आली नाही.

तुम्हाला वाटेल, खरी चूक ती कोरी. मलाही पुष्कळ दिवस तसंच वाटायचं. पण परत आल्यावर अण्णांनी विचारलं, अव्वाचा कसा आलाय? तेव्हा मी नुसतं ‘प्लेट फुटली’ म्हणालो असतो तरी भागलं असतं. ते दोन शिव्या देऊन दुसऱ्या दिवशी तोंडाचं भिंग उराशी धरून मुडबीला गेले असते. म्हातारी ठणठणीत होती. तीन महिने होती. मी म्हणालो, “छान आलाय, सवडीनं छापतो.” त्या तीन महिन्यांत त्यांनी किती वेळा विचारलं असेल? मी कधी म्हणायचो कागद संपलाय, कधी छपाईचं औषध संपलंय. ते गिऱ्हाइकांना सांगायचे, आमच्या अव्वाचा काढलाय, माणिकनं.

मग निरोप आला. अण्णा माती द्यायला जाऊन आले. रडले नाहीत फारसे. खुर्चीवर बसून म्हणाले, “फोटो तेवढा झाला, बरं झालं. गणाराधनेला घेऊन जाऊ. मोठा कर, काच लाव.” गणाराधना म्हणजे त्यांच्यात गेलेल्या माणसासाठी जंगमांना जेवण घालतात, तो दिवस.

तेव्हा तरी सांगायचं. नाही का?

स्टुडिओत जुन्या प्लेटांची एक पेटी होती. जत्रांमध्ये काढलेले, कुणी न्यायला न आलेले फोटो. मी दुपारभर उजेडात धरून धरून एक म्हातारी शोधली. पदर डोक्यावर, कपाळावर विभूती, तोंडावर सुरकुत्या. तेवढ्यावर भागवलं. मोठा करून छापला, चौकट केली, कापडात बांधून अण्णांच्या हातात दिला. त्यांनी कापड सोडून काचेवरून तळवा फिरवला. मुडबीपर्यंत सबंध वाट त्यांनी ती चौकट मांडीवर धरली, मला धरू दिली नाही. मी शेजारी बसलो होतो. मुडबीत बघणारे डोळे आहेत हे मला कळत नव्हतं का? कळत होतं. उघडं पडू दे, असं वाटत होतं. सांगण्यापेक्षा ते सोपं वाटत होतं.

घर माणसांनी भरलं होतं. अण्णांनी चौकट गंगाक्काच्या हातात दिली. तिनं कापड बाजूला केलं आणि बघितलं. बराच वेळ बघितलं. मग माझ्याकडं बघितलं.

“कसा आलाय गं अक्का?” अण्णांनी विचारलं.

“अव्वाच बसल्यावानी हाय,” ती म्हणाली. आणि कुणी पुढं यायच्या आत कापड परत गुंडाळून ती चौकट आतल्या देवाच्या खोलीत घेऊन गेली.

अण्णा त्यानंतर अकरा वर्षं जगले. राज्य बदललं, प्लेटा गेल्या, फिल्म आली. दुकान त्यांनी माझ्या नावावर केलं. दर वर्षी आईच्या तिथीला ते मुडबीला जायचे आणि आल्यावर सांगायचे, फोटोला हार घातला, अक्कानं हात धरून घालायला लावला. मी म्हणायचो, बरं झालं अण्णा. मी परत कधी मुडबीला गेलो नाही.

गणाराधनेच्या त्या दिवशी जेवणं झाल्यावर मी निघालो, दारात चपला घालत होतो. गंगाक्का मागून आली. मला वाटलं, आता शिव्या देईल. तिनं शिव्या दिल्या नाहीत. आवाजसुद्धा चढवला नाही.

“कुणाची माय हाय रं ही?” तिनं विचारलं.

मला माहीत नव्हतं.