लाल तारा आणि आमचं न भुंकणारं कुत्रं

आमच्या कुत्र्याला नाव नाही. हाक मारली तरी ते येत नाही, मग नाव ठेवून करायचं काय? शहाद्यापासून आत, आमच्या मळ्यातल्या घरी ते आपणहून राहायला आलं. पहिल्याच हिवाळ्यात त्याने शोधून काढलं की या घरातली सगळ्यात उबदार जागा म्हणजे पुढच्या खोलीतला कापसाचा ढीग. भाव चढेल या आशेवर आम्ही कापूस छताला टेकेपर्यंत भरून ठेवतो. थंडी पडली की कुत्रं त्यात असं घुसतं की बाहेर नुसतं नाक दिसतं. मग आमचे मालक, म्हणजे माझे यजमान, सकाळी उठून कापसातले केस वेचत बसतात.

"हाई कुत्रं शे का जवाई?" रोज एकदा तरी विचारतात. कुत्रं कूस बदलतं.

राखणीच्या नावाने तर शंखच. गेल्या हिवाळ्याआधीच्या हिवाळ्यात बिबट्याने शेजारच्या मळ्यातली बकरी नेली, तेव्हा हे राखणदार ढिगात आणखी हातभर खाली गेलं. भुंकणं दूरच. त्या बकरीनंतर गावात बैठक बसली. उसाच्या फडात मोबाइलला रेंज मिळत नाही, म्हणून ठरलं की ज्याला बिबट्या दिसेल त्याने उंचावर लाल दिवा टांगायचा आणि गावाने डबे वाजवत धावून यायचं. ही अक्कल आमच्या मालकांची. पुढे कितीतरी महिने घरी येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला चहाबरोबर ती ऐकावी लागली.

त्यानंतर घरात सून आली. नवापूरकडची, ख्रिस्ती घरातली, इथल्या सरकारी दवाखान्यात नर्स. बाहेरगावी नोकरी करणाऱ्या पोराने परस्पर पसंत केली म्हणून मी चार दिवस तोंड फुगवून बसले होते. पाचव्या दिवशी तिने उडदाची डाळ केली आणि मला तोंड उघडावं लागलं. ती आमच्याशी शाळेतलं मराठी बोलते, आम्ही तिच्याशी अहिराणी, आणि कुत्र्याशी ती तिच्या माहेरची मावची भाषा बोलते. ती हळूच काहीतरी म्हणते आणि ते नालायक ढिगातून उठून शेपटी हलवत बाहेर येतं. इतकी वर्षं भाकरी मी घालते, हे लक्षात घ्या.

नाताळ जवळ आला. तिला रजा मिळाली नाही, म्हणजे माहेरी जाणं बंद. मी भाकरी थापता थापता विचारलं, "तुमनाकडे काय काय करतस?"

"घरावर तारा लावतो, आई. उंच बांबूवर. तो लांबून दिसला की गाणारे त्या घरी येतात, ढोल वाजवत." एवढं बोलून तिने पिठाची परात माझ्याकडे सरकवली. मग म्हणाली, "पण इथे काही नको. खरंच काही नको."

हे "काही नको" मी चांगलं ओळखते. लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळीला मीही माझ्या सासूला तेच म्हटलं होतं आणि त्या माउलीने ते खरं धरलं. सासू गेली, तिच्या बांगड्या माझ्या हातात आल्या, पण ती कोरडी दिवाळी अजून माझ्या घशात अडकलेली आहे. माझ्या घरात या पोरीचा पहिला सण तसा जाऊ द्यायचा नाही, हे मी तव्यासमोरच ठरवलं.

"काही नको म्हनस म्हंजे तिले बठ्ठं पाहिजे," मी मालकांना सांगितलं. बठ्ठं म्हणजे अगदी सगळं.

मालक कामाला लागले. त्यांना सजावट म्हणजे दोनच माहीत, लग्नाची आणि पोळ्याची. सून ड्युटीवर गेल्याबरोबर त्यांनी दाराला केळीचे दोन खांब बांधले.

"सत्यनारायण शे का?" मी ओरडले. खांब सुटले. मग त्यांनी माळ्यावरून बैलांची झूल काढली आणि ओट्याच्या कठड्यावर टाकली. आरशांची, गोंड्यांची, चांगली दिसत होती. मी आत जाऊन पाणी पिऊन येईपर्यंत कुत्रं ती ओढून तिच्यावर झोपलं होतं. झाड लागतं म्हणे, तर मी शेतातून बोंडं फुटलेली कपाशीची एक उंच पऱ्हाटी उपटून आणली आणि माठात उभी केली. तिला मालकांनीही नावं ठेवली नाहीत. कुत्र्याने एकदा हुंगली आणि माठाशी पाय वर करायच्या आत मी चप्पल फेकली.

राहिला तारा. संक्रांत तोंडावर, त्यामुळे दुकानात पतंगाचा कागद हवा तेवढा. मी लाल घेतला, सणाला लालच शोभतो. मालक लहानपणी पतंग करायचे, त्यांनी बांबूच्या काड्या तासून पाच टोकांचा सांगाडा बांधला, आत बल्ब सोडला. दिवस मावळता मावळता आम्ही दोघांनी मिळून तो बांबूला बांधून घरावर उभा केला. दिवा लागला आणि खरं सांगते, मला रडू आलं. उसाच्या वर, काळोखात, आमचं घर लांबून ओळखू येत होतं.

कुत्र्याने मान वर केली, ताऱ्याकडे पाहिलं आणि ते आयुष्यात पहिल्यांदा भुंकलं. नुसतं भुंकलं नाही, गळा काढला. थांबेचना.

"दखा, त्यालेबी आवडना," मालक खूश होऊन म्हणाले.

तेवढ्यात गावाकडून आवाज आला. डबे, ताटं, पत्रे, आरोळ्या. बॅटऱ्यांचे झोत उसावर नाचत येत होते. कुत्रं एका उडीत कापसात गेलं. मी मालकांकडे पाहिलं, त्यांनी वर ताऱ्याकडे पाहिलं, मग परत माझ्याकडे. चेहरा पाहण्यासारखा झाला होता. खूण ठरवणारे हेच आणि टांगणारेही हेच!

अर्धं गाव अंगणात शिरलं. सगळ्यांच्या पुढे काठी घेतलेले पोलीस पाटील. "कोठे शे? कोठे शे बिबट्या?"

"बिबट्या नही, नाताळ शे!" मी ओरडले.

"मंग लाल दिवा कसाले? आनि तुमनं कुत्रं भुकी ऱ्हायनं! ते कधी भुकस का?"

मी वर ताऱ्याकडे बोट दाखवलं. तेव्हा गर्दीच्या मागून, स्कूटी तशीच रस्त्यात सोडून, सून वाट काढत पुढे आली. गाल ओले. "आई, मी रस्त्यावरून तारा पाहिला. आणि ताऱ्याकडे वाजवत चाललेली माणसं. मला वाटलं... तुम्ही सगळ्या गावाला सांगितलं?"

पाटलांनी काठी हळूच पाठीमागे नेली. मालकांनी एका दमात खरं काय ते सांगून टाकलं, बैठकीपासून पतंगाच्या कागदापर्यंत. सून ऐकत गेली आणि हसायला लागली, इतकी की तिला ओट्यावर बसावं लागलं.

पाटील खाकरले आणि डबे वाजवायची खूण करत म्हणाले, "आते उनूतच शेत, तं वाजाडीसनच जाऊत."

मग सुनेने तिच्या भाषेत गाणं म्हटलं. एक शब्द आम्हाला कळला नाही, पण गावाने डबे असे वाजवले की बिबट्या असताच तर गुजरातेत गेला असता. गाणं संपल्यावर तिने कुत्र्याला हाक मारली. ते ढिगातून आलं, डोक्यावर कापूस, मिशांना कापूस, हनुवटीला ही एवढी दाढी. पोरं "नाताळबाबा" म्हणून किंचाळली.

"मन्हा कापूस!" मालक त्याच्यामागे धावले.

बिबट्यासाठी गावाने आता हिरवा दिवा ठरवला आहे, आणि त्या बैठकीत आमच्या मालकांना कोणी काही विचारलं नाही. यंदा भाकरी थापता थापता मी सुनेला पुन्हा विचारलं, नाताळला काय काय पाहिजे. या वेळी ती "काही नको" म्हणाली नाही.

म्हणाली, "आई, डबे वाढवावे लागतील."