सुमनवहिनींचं पथ्य

हे मी नवऱ्यालाही कधी सांगितलेलं नाही. तुम्हाला का सांगतेय, ते मलाही नीटसं कळत नाही.

ऐंशीच्या दशकात मुंबईच्या एका डॉक्टरांचं संशोधन आमच्या मंडणगडकडच्या खेड्यांत चाललं होतं. डोकं बिघडलेल्या माणसांना घरीच गोळ्या दिल्या तर गुण येतो का, ते पाहायचं. गोळ्या वाटत हिंडायला मला घेतलं होतं. पहिली नोकरी, खांद्याला पिशवी — केवढा तोरा होता मला!

सुमनवहिनींचा नवरा मुंबईला. त्या रात्र रात्र जागायच्या, भिंतीशी बोलायच्या, चुलीकडे फिरकायच्या नाहीत. सासू गोळ्यांना तयार होईना. शेवटी म्हणाली, देवीला कौल लावू. गुरवानं मूर्तीला फुलाच्या कळ्या चिकटवल्या, उजवीकडची पडली — देवीचा होकार. तिथंच सासूनं मला विचारलं, गोळ्या मध्येच बंद नाही ना व्हायच्या? मी म्हटलं, नाही. मला ठाऊक नव्हतं का? होतं. पावसाळा लागला की काम संपणार, हे आम्हाला आधीच सांगितलेलं होतं.

वहिनींना गुण आला. झोपू लागल्या, वेणी घालू लागल्या. एकदा मला भाकरी वाढून समोर बसल्या आणि चक्क थट्टा केली — एवढंसं खाणारी बाई सासरी कशी निभायची म्हणून. मला फार आवडायच्या त्या.

मग संशोधन संपलं. गोळ्यांनी गुण येतो हे ठरलं, डॉक्टर खूश होऊन परत गेले. मी रिकाम्या हातानं वहिनींच्या घरी गेले. गोळ्या संपल्या, एवढंच बोलले. सासूनं विचारलं, देवीनं हो म्हटलेलं — मग बंद कशा?

काय सांगायचं होतं मला? की मी खोटं बोलले होते, आणि याच गोळ्या रत्नागिरीच्या सरकारी इस्पितळात मिळतात, वहिनींना तिकडे न्या. एवढंच ना? पण देवीसमोर खोटं बोलणारी म्हणून गावानं माझं तोंड पाहिलं नसतं.

वहिनीच बोलल्या, "बाय, माजा काय चुकला काय वो?"

आणि मी म्हटलं, "काही पथ्य मोडलंत का, वहिनी?"

त्यांनी बराच वेळ आठवून पाहिलं. मग मान खाली घालून म्हणाल्या, "येकदा सोमवारी सुकट खाल्ली मी."

मी मान हलवली. हो, असंच असेल — अशी. सासूनं कपाळावर हात मारून घेतला. देवीचा कोप, सगळ्यांना पटलं. मी सुटले.

शिमग्याला पुन्हा त्या वाडीत जाणं झालं. वहिनी पडवीत बसल्या होत्या, केसांच्या जटा झालेल्या. हल्ली सासूलाही ओळखत नाहीत, असं शेजारीण म्हणाली. मला मात्र त्यांनी ओळखलं.

"बाय, मी आता सुकट खात नाय," म्हणाल्या आणि हात पुढे केला. "गोळी द्या."

मी तेव्हाही रत्नागिरीचं नाव काढलं नाही.