पितळेच्या दोन पट्ट्या

सोमवारी सकाळी सव्वानऊ वाजता सोल्वाय थुएसनच्या ट्रेमध्ये पितळेच्या दोन पट्ट्या उरल्या होत्या, आणि त्या उरायला नको होत्या.

पट्ट्या नखाएवढ्या. शुक्रवारी तिने पॉवर सप्लायचे सोळा डबे तपासून बंदरातल्या फेरीबोटींच्या दुरुस्ती-कार्यशाळेत पाठवले होते. प्रत्येकाला दोन, म्हणून भांडारातून बत्तीस पट्ट्या आल्या होत्या. तिने टेबलाखाली पाहिले, ॲप्रनचे खिसे उलटे केले, भांडारात फोन लावून विचारले. बत्तीसच दिल्या होत्या. म्हणजे सोळांपैकी एक डबा पट्ट्यांवाचून बाहेर गेला होता.

सोनरबोर्गच्या खाडीकाठी असलेल्या त्या लहान कारखान्यात तिला ‘दोनदा-सोल्वाय’ म्हणत. घरातून निघताना ती शेगडी दोनदा बघे, मोटारीचे दार दोनदा ओढून पाही. कापडगिरणी बंद पडल्यावर, वयाच्या तेहेतिसाव्या वर्षी, ती इथे आली होती. शिक्षण बेताचे, पण शिलाईत कमावलेली बोटे आणि काहीतरी राहून गेले असेल ही कधीच न मिटणारी धास्ती, या दोन गोष्टींवर ती कारखान्यातली सर्वांत भरवशाची तपासनीस झाली. लोक तिला निर्धास्त समजत. वस्तुतः तिचा काटेकोरपणा हा भीतीचाच नीटनेटका केलेला प्रकार होता.

काम सांगायला सोपे होते. हा डबा भिंतीतल्या विजेचे सेकंदाला लाखभर तुकडे करतो आणि हवे तेवढेच पुढे सोडतो. किती सोडायचे हे त्याला आपोआप कळत नाही. दोन बारीक तारा बाहेर पडणाऱ्या विजेचा दाब मोजून त्याला सतत सांगत राहतात: चोवीस व्होल्ट आहे, किंचित कमी झाला, किंचित वाढला. त्यानुसार तो हात आखडतो किंवा सैल सोडतो. तपासणीच्या वेळी या मापतारा टेबलावरच्या यंत्राला जोडतात. काम झाले की पितळेच्या पट्ट्यांनी त्या डब्याच्या स्वतःच्या मुखाशी जोडून टाकतात. पट्ट्या नसल्या तर डब्यापर्यंत खरी खबर पोचत नाही. दाब कमी पडतोय अशी त्याची समजूत होते आणि तो जास्त ढकलू लागतो.

नियमपुस्तकात क्रम लिहिलेला होता: आधी पट्ट्या, मग पुन्हा मापन, आणि शेवटी दाब ठरवणाऱ्या स्क्रूवर लाखेचा थेंब. थेंब म्हणजे काम संपल्याची खूण. प्रत्येक तपासनिसाचा रंग वेगळा, सोल्वायचा हिरवा. पण लाख वाळायला तीन मिनिटे लागतात. म्हणून बऱ्याच वर्षांपूर्वी तिने क्रम उलटा केला होता: आधी थेंब, आणि तो वाळेपर्यंत पट्ट्या व पुन्हा मापन. दिवसाला तासभर वाचे. कोणी आक्षेप घेतला नाही. उलट कौतुकच झाले.

आणि शुक्रवारी तिच्या नोकरीला पंचवीस वर्षे पुरी झाली होती.

साडेनवाला सगळ्यांनी हातातली कामे तशीच टाकली. लांब टेबलावर कागदी झेंडे, गरम पाव, लोणी, चीज, सकाळीच ओतलेले कडू दारूचे इवलेसे पेले. शेजारच्या टेबलावरचा व्हिगो तिला खुर्चीसकट ढकलत घेऊन गेला होता.

“पंचवीस वर्षं एकाच खुर्चीत! अरे, पदक हिला कशाला, खुर्चीला द्या!”

“थांब रे, एक डबा अर्धा आहे माझा.”

“डबा पळून नाही जाणार. पाव मात्र जाईल!”

गाणे झाले, तीनदा जयजयकार झाला. पाऊण तासाने ती परतली तेव्हा समोरच्या डब्यावर हिरवा थेंब वाळून चकाकत होता. तिने तो उचलून तयार डब्यांत ठेवला असणार. आठवत मात्र नव्हते. सगळ्यांत जास्त भीती तिला याचीच वाटली.

आता तिने भांडारातून त्याच जातीचा एक डबा आणला, पट्ट्या काढल्या आणि वीज सोडली. काटा चोवीसवर थांबला नाही. सव्वीस. एकोणतीस. एकतीसवर येऊन तो स्थिर झाला. जादा दाबाला डबा आपणहून बंद पडतो, पण या मालात ती मर्यादा तेहेतीसवर ठेवलेली होती. म्हणजे ना धूर, ना शिट्टी, ना दिवा. डबा शांतपणे एकतीस देत राहणार, आणि चोवीसवर चालणारे जे काही पुढे जोडले असेल ते आतल्या आत भाजत राहणार. हे डबे बोटींचे सुकाणू फिरवणाऱ्या यंत्रणेसाठी होते.

गप्प बसणे शक्य होते. पट्ट्या मुठीत होत्या. मूठ खिशात जाऊ शकत होती. सोल्वायने तो विचार पुरता येऊ दिला. मग ती व्यवस्थापकाच्या खोलीत गेली.

“आस्गर, माझ्या हातून एक डबा पट्ट्यांशिवाय गेलाय.”

आस्गर हसला. “तुझ्या हातून? काय गं, शुक्रवारचे पेले अजून उतरले नाहीत वाटतं?”

“हसू नकोस. मी लाख आधी लावते, तुला माहीत आहे. थेंब बघून मी तो झाला समजले.”

त्याचे हसू मावळले. दोघांनी तपासणीच्या चिठ्ठ्या काढल्या. प्रत्येक चिठ्ठीवर यंत्राने डब्याचा क्रमांक आणि वेळ छापलेली. दोन डब्यांमध्ये बारा-तेरा मिनिटांचे अंतर. फक्त सातव्या आणि आठव्यामध्ये सत्तावन्न. सातवा डबा. बंदरातल्या कार्यशाळेचा फोन वाजत राहिला, कोणी उचलला नाही.

“मी जाते,” ती म्हणाली. “वीस मिनिटांचा रस्ता.”

“मी इथून फोन लावत राहतो. आणि सोल्वाय, गाडी हळू चालव.”

नोव्हेंबरचा करडा दिवस होता, समुद्र आणि आकाश एकाच फडक्यातून फाडल्यासारखे. कार्यशाळेच्या दारात तिला तेलाने माखलेला एगॉन भेटला. बोटींची वीज तोच बघे. बारा वर्षांची ओळख.

“सातवा! सातवा डबा कुठाय?”

“आधी नमस्कार तर कर बाई! हा काय टेबलावर. त्याला अजून तारही लावलेली नाही.”

सातवा डबा खरोखर टेबलावर होता. हिरवा थेंब, आणि पट्ट्यांच्या जागी रिकामे स्क्रू. सोल्वायने टेबलाची कड धरली. तिला चक्क हसू आले.

“माझीच चूक, एगॉन. पट्ट्या लावायच्या राहून गेल्या होत्या.”

एगॉन हसला नाही. त्याने हात पुसायचे थांबवले.

“राहून गेल्या? मला वाटलं, आता तुम्ही त्या काढून टाकल्यात. खोक्यात हाच सगळ्यात वर होता. तुझा थेंब होता त्याच्यावर. म्हटलं, दोनदा-सोल्वायनं पाठवलाय म्हणजे असाच असणार. बाकीच्यांना चुकून जुन्या पद्धतीनं लावल्या असतील.”

“मग?”

“मग दोन डबे बसवायचे होते. त्यांच्या मीच काढल्या.”

“कुठे बसवलेस?”

त्याने खिडकीकडे पाहिले. बेटाकडे जाणारी सकाळची फेरी सामुद्रधुनीच्या मध्यावर होती. इथून ती आगपेटीएवढी दिसत होती.

“मीटर लावून पाहिलं होतंस?”

“तुझ्या थेंबावर मीटर लावायचं?” तो पुटपुटला. “आजवर कधी लावलं नाही.”

त्याने बोटीची कप्तान मेरेटे हिला फोन लावला आणि तो सोल्वायच्या हातात दिला. मागे इंजिनाची घरघर आणि लहान मुलांचा गलका ऐकू येत होता.

“कोण, एगॉन? तुझे नवे डबे झकास आहेत रे! तक्त्यावरचे दिवे कसे लख्ख झालेत, सुकाणूही चटचट उत्तर देतंय.”

सोल्वायने तिला मध्येच तोडले. “मी कारखान्यातून बोलतेय. दिवे लख्ख आहेत कारण दाब जास्त आहे. सुकाणूची यंत्रणा कधीही जळेल. वेग कमी कर, दोन्ही डबे बंद कर, आणि सुकाणू हातपंपावर घे. कृपा करून, आत्ताच.”

मेरेटेचा बदललेला आवाज आला: “पुढे खडकांची वाट आहे. त्याआधीच वळते. बोटीवर चौतीस जण आहेत. तू कोण म्हणालीस?”

“सोल्वाय थुएसन. चूक माझी आहे.”

“ते नंतर.”

फोन बंद झाला. सोल्वाय आणि एगॉन धक्क्यावर उभे राहिले. आगपेटी वळताना दिसली. वळण फार रुंद होते. नको तितकी ती उत्तरेकडे गेली आणि बराच वेळ तशीच जात राहिली. एगॉनच्या ओठांवर शिवी होती की प्रार्थना, कळत नव्हते. सोल्वायच्या मुठीत पट्ट्या रुतल्या होत्या. खालच्या कप्प्यात कोणीतरी लोखंडी दांडा वरखाली करत असेल, आणि प्रत्येक खेपेला सुकाणू बोटभर हलत असेल, हे ती मनात मोजत राहिली. अखेर बोटीचे नाक धक्क्याकडे झाले. धक्क्याला लागायला तिला आणखी पंचवीस मिनिटे लागली.

आधी शाळेची मुले उतरली, वाट वाकडी झाल्याने खूश. मग एगॉनने कप्पा उघडला. सुकाणूच्या यंत्रणेतले सर्किटचे कार्ड एका बाजूने तपकिरी पडले होते आणि करपल्या दुधासारखा वास येत होता. नवे कार्ड बसले. एका डब्याला सोल्वायने आणलेल्या पट्ट्या लागल्या, दुसऱ्याला एगॉनने डबीतून शोधून काढलेल्या. तिने मीटर लावले: चोवीस. दुसऱ्यालाही चोवीस.

मेरेटे दारात येऊन उभी राहिली. वरचा तक्ता बघून आली होती. म्हणाली, “मंद झाले की गं दिवे.”

“असेच असायला हवेत.”

“मग दुपारची फेरी नेऊ?”

सोल्वायला ‘हो’ म्हणायचे होते. मीटर हो म्हणत होते, चारही पट्ट्या आवळलेल्या होत्या. पण आज सकाळपर्यंत तिचा थेंबही हेच म्हणत होता.

“ने,” ती म्हणाली. “मी बरोबर येते.”

दीड वाजता बोट सुटली. सोल्वाय खालच्या कप्प्यात, ओल्या लोखंडावर, गुडघे पोटाशी घेऊन बसली होती. मीटरच्या दोन्ही तारा ती हाताने धरून होती. लाट आदळली की आकडा दशांशाने हलायचा आणि डबा त्याला परत जागेवर आणायचा. वर माणसे कॉफी पीत असतील. खडकांची वाट जवळ आली तशी इंजिनाची घरघर मंदावली, सुकाणू डावीकडे वळल्याचा आवाज झाला, आकडा खाली गेला, पुन्हा चोवीसवर आला. तिने पापणी लवू दिली नाही.