अर्धा तांब्या

निघायच्या दिवशी कड्याजवळच्या वस्तीवर, लिंबाखाली जीप उभी होती आणि माझी सासू तांब्या घेऊन दारात आली. सासरवाडीची रीत अशी की पाहुण्याला काठोकाठ तांब्या आणि घरच्याला अर्धा. मेंढ्यांमागं रानोमाळ हिंडणारी माणसं ही. पाणी गाढवाच्या पाठीवरून यायचं, म्हणून घरच्यांनी लागेल तेवढंच घ्यायचं, पाहुण्यासमोर मात्र पत राखायची. मी जावई, मला भरलेला तांब्या मिळाला. माझ्या बायकोला, सारिकाला, अर्धा. ती प्याली आणि उरलेला घोट तिनं पायाशी आलेल्या कोकराला पाजला.

जीप माझ्या गावचा, दिंद्रुडचा, दोस्त गणपत याची. तो स्टिअरिंगवर बसल्या बसल्या म्हणाला, "बायकूच्या मागं परदेशी चाललास व्हय बे? आमी तर आजवर उलटंच बगितलंय."

मी हसण्यावारी नेलं. विनाअनुदानित शाळेतली मास्तरकी सोडताना मला काहीच वाटलं नाही असं नाही. पण सारिकाला जर्मनीतल्या लॅबनं बोलावलं होतं, आणि आमच्या दोन्ही घरांत मिळून लॅब कुणी आतून पाहिलेली नव्हती. गर्वानं माझी छाती इतकी फुगली होती की गणपतची टिंगल आत शिरायला जागाच नव्हती.

गावाकडचे तुम्ही फोनवर विचारता, सारिका तिकडं करते तरी काय? सोपं करून सांगतो. ती सोन्याचे कण बनवते, इतके बारीक की सोनं पिवळं राहतच नाही. ते पाण्यात सुटे सुटे तरंगत असले की पाणी डाळिंबाच्या रसासारखं लाल दिसतं. एकमेकांना चिकटले की जांभळं होतं, मग काळपट, आणि शेवटी तळाशी गाळ बसतो. तिला असे कण हवे होते की पिण्याच्या पाण्यात विषारी धातू असला तरच रंग बदलावा, एरवी लालच राहावा. म्हणजे कुठल्याही बाईला दारातल्या दारात आपला हंडा तपासता यावा.

पण तिचा लाल रंग टिकेचना. सकाळी फ्लास्कात डाळिंब, दुपारी जांभूळ. कॉन्ट्रॅक्ट वर्षाचं होतं. लॅबच्या प्रोफेसरबाईंनी गोड शब्दांत सांगितलं की हिवाळ्यापर्यंत जमलं नाही तर पुढचं वर्ष देता येणार नाही. व्हिसा त्या कॉन्ट्रॅक्टला बांधलेला, आणि मी व्हिसाला. मी तेव्हा एका गोदामात खोकी रचत होतो आणि ट्राममध्ये पोरासोरांच्या पुस्तकातून जर्मन शिकत होतो. परत जावं लागलं तर गणपतला काय तोंड दाखवायचं, ही माझी काळजी. तिची वेगळी होती. मेंढ्या राखणाऱ्याच्या पोरीला एकदा दार उघडलंय, ते बंद झालं तर मागून येणाऱ्या पोरींसाठी पुन्हा कोण उघडणार, असं ती म्हणायची.

दुसरं कुणी असतं तर रसायनाच्या नावानं बोटं मोडून मोकळं झालं असतं. सारिकानं स्वतःवरच शंका घेतली. शेजारच्या टेबलावर हाना नावाची कोरियन मुलगी काम करायची, तिचे कण मात्र सुरेख यायचे. सारिकानं एकेक काम तिच्या हातून करवून घेतलं, बाकीचं सगळं स्वतः केलं. वजन हानानं केलं, रंग बिघडला. उकळायचं हानानं केलं, तरी बिघडला. मग एकदा हानानं नुसता फ्लास्क धुऊन दिला, आणि रंग टिकला. आठवडा गेला तरी लालभडक. असं डोकं या बाईचं. मी तिचा नवरा नसतो तरी हे सगळीकडं सांगत फिरलो असतो.

त्या संध्याकाळी ती स्वयंपाकघरात चहा समोर ठेवून बसली होती. मग म्हणाली, "रसायनाचा दोस न्हाई ओ. माज्याच हातानं हुतंय. मी पानीच कमी घेते."

आम्लानं धुतलेलं भांडं शुद्ध पाण्यानं पुन्हा पुन्हा विसळायचं आणि ते पाणी दरवेळी ओतून द्यायचं, नाहीतर आम्लाचा अंश राहून कण एकमेकांना चिकटतात, हा नियम तिला पाठ होता. पण हात ओंजळभर पाण्यावर थांबायचा. लहानपणी भांडी राखेनं घासून एवढ्याशा पाण्यात विसळायची आणि ते पाणी कोकरांना जायचं. "पानी उष्टं हुतं, वाया जात न्हाई," असं आई म्हणायची. ते बोल सिंकपाशी हात धरून उभे असायचे.

मग तिनं हात सैल करायची सवय लावली. घरी पेले विसळताना भडाभडा पाणी सोडायची आणि तोंड फिरवून घ्यायची. मला ते बघवत नसे. पण रंग टिकला, कॉन्ट्रॅक्ट वाढलं, प्रोफेसरबाईंनी केक आणला.

पुढच्या वर्षी आम्ही वस्तीवर आलो. आईनं अर्धा तांब्या पुढं केला. सारिकानं तो घेतला, पाणी आत गरागरा फिरवलं, अंगणात ओतलं आणि पुन्हा भरायला रांजणात बुडवला. तिचं तिला कळलंच नाही. सासूबाईंनी ते बघितलं. दुसऱ्या दिवशी सकाळी लेकीला तांब्या आला तो काठोकाठ.

"आर्दा दे की, आये."

"लांबनं आलीस. पी."

तिनं तो सगळा पिऊन टाकला. विमानात बसल्यावर म्हणाली, "आईनं मला पाव्हनी केली." गाव सोडून बाहेर पडलेल्या कुणालाही हे वाक्य समजावून सांगायला नको.

परतल्यावर तिनं नवाच उद्योग काढला. शेवटच्या विसळणीचं पाणी जवळजवळ शुद्धच असतं, ते पुढच्या भांड्याला पहिलं म्हणून का चालू नये? लॅबमध्ये हसले. तिकडच्या नळाचं पाणी कधी गेलेलं नसतं. प्रोफेसरबाई म्हणाल्या, सिद्ध कर. तिनं महिनोन्‌महिने मोजमापं घेतली आणि सिद्ध केलं. आज तिथं सिंकपाशी बाटल्यांची रांग असते, आणि नवीन आलेल्या मुलांना पहिला धडा सारिका देते, पाणी कुठून कुठं जातं याचा. लाल रंग तर आता ती बसेल तिथं टिकतो.

यंदाच्या उन्हाळ्यात आम्ही पुन्हा वस्तीवर गेलो. ते लाल कण लावून तिनं बनवलेल्या पट्ट्या आम्ही बरोबर नेल्या होत्या. बोअरच्या पाण्यात बुडवलेली पट्टी लालच राहिली, तेव्हा बघायला जमलेल्या बायकांनी तिच्याकडं असं पाहिलं की मी उगाचच उरलेल्या पट्ट्या पुन्हा मोजायला घेतल्या. मग ती आईशेजारी भांडी विसळायला बसली. दोन पातेली पुढं घेऊन म्हणाली, "तिकडं आता असंच करतो, आये. ह्याचं शेवटचं पानी त्याला पहिलं."

"आगं मंग मी काय येगळं करते?" सासूबाई म्हणाल्या. लेकीचे विसळणारे हात त्यांनी निरखून पाहिले. मग उठल्या आणि तांब्या घेऊन आल्या. सारिकाला अर्धा. ती खाली मान घालून प्याली, आणि तिचे खांदे हलताना मला दिसले. मग तांब्या माझ्याकडं आला. आत पाहिलं तर तोही अर्धाच.

आम्हाला न्यायला आलेला गणपत लिंबाखाली बसून हे बघत होता. "तुला आर्दाच?" तो म्हणाला. "कावून बे, काय चुकलं तुजं?"

त्याच्या हातात काठोकाठ भरलेला तांब्या होता.

"काय न्हाई," मी म्हटलं. "घरी आलोय."