हौसामावशीच्या अंगणातली चोरी

हौसामावशी गेल्याचा फोन आला तेव्हा मी भाजीला फोडणी देत होते. तिचा मुलगा बाळू एवढंच म्हणाला, "काकू, आई गेली. झोपेतच." गॅस बंद करायचं सुचलं, पुढचं काही सुचलं नाही. मुकुंदवाडीला पोचले तेव्हा अंगण माणसांनी भरलं होतं. गर्दीत मला वाट करून देत कुणीतरी म्हणालं, "येऊ द्या, मावशीची चोरटी आली." रडता रडता बायका हसल्या आणि मीही हसले. त्याला आता दीडेक महिना झाला. मला मावशीचे आभार मानायचे आहेत. ते तिच्या हयातीत का मानता आले नाहीत, हे सांगायला मात्र बरंच मागं जावं लागेल.

लग्न होऊन मी मुकुंदवाडीत आले तेव्हा चिकलठाण्याकडे एकेक कंपनी उभी राहत होती. सकाळचा भोंगा वाजला की घड्याळाकडे न बघता सगळी गल्ली डबे भरायला लागायची. माझं माहेर शहागंजच्या मागच्या बोळातलं, त्यामुळे टमाटे हातगाडीवर येतात एवढंच माझं शेतीचं ज्ञान. शेजारचं घर हौसामावशीचं. ही देवगाव रंगारीकडची धनगराची माणसं. मेंढरं विकून तिचा नवरा कंपनीत वॉचमन म्हणून लागला होता, आणि तो व माझे मिस्टर एकाच शिफ्टला बरोबर सायकली काढायचे. दोन घरांच्या मध्ये फक्त काट्याकुट्यांचं कुंपण. न्हाणीचं पाणी जिथं मुरायचं तिथं मावशीनं टमाटे लावले होते... गावठी, चपटे, खापाखापांचे आणि असे आंबट की वरणात वेगळी चिंच नको. त्यातल्या एका टमाट्याच्या देठाला चिंधी बांधलेली असायची. ते बियाण्याचं, घरातलंही कुणी तोडायचं नाही. एका दुपारी मी कुंपणापाशी जाऊन म्हटलं, "मावशी, मला थोडं बी द्या ना." तिची सासू दाराशी ज्वारी पाखडत बसली होती. मावशीनं एकदा तिच्याकडं बघितलं आणि मला म्हणाली, "बी मागून लावायचं नसतं पोरी. चोरून न्यायचं. मागितलेलं लागत नाय."

"आणि धरलं मला तर?"

"धरणार कोण? मी तिकडं तोंड करून बसते की."

मी हसले, पण घरात आल्यावर मनात पाल चुकचुकली. आम्ही बौद्ध. पाणी वरून ओतणारी, भाकरी लांबूनच पदरात टाकणारी माणसं माझ्या आईनं बघितली होती, आणि बघितलेलं सगळं मला सांगून ठेवलं होतं. हिला माझ्या हातात हात लागू द्यायचा नाही म्हणून ही रीत निघाली की काय? आणि वर चोर आपणच म्हणवून घ्यायचं. मी तोंडाची फटकळ, एरवी तिथल्या तिथं विचारलं असतं, पण नवी नवरी होते, गप्प बसले. हावरटपणा मात्र गप्प बसेना. दुसऱ्या दिवशी मावशी पाठ करून भांडी घासायला बसली. दोन भांडी ती इतका वेळ आणि इतका आवाज करत घासत राहिली की शेवटी मी हात घातला आणि चिंधीचं टमाटं तोडलं.

बिया कागदावर पसरून उन्हात ठेवल्या. त्या कागदाला अशा चिकटल्या की सुटेनात, आणि ज्या सुटल्या त्या मुंग्यांनी नेल्या. मावशीनं हे कुंपणातून बघितलं असणार, कारण संध्याकाळी ती शेळीला सांगत होती, "टमाटं वाटीत कुस्करावं. पाण्यात सडू द्यावं. घाण वास सुटला, वर साय धरली, की धुवावं. तरंगंल ते फेकावं, बुडंल ते ठेवावं. राखंत घोळून सावलीला वाळवावं, उन्हात नाय." शेळी पाला खात राहिली आणि मी पाठ करून घेतलं. चिंधी पुन्हा बांधली गेली, चोरी पुन्हा झाली. त्या साली माझ्या दारात टमाट्याची झाडं उभी राहिली. सासू वारल्यावर मावशी आमच्याकडं चहाला यायला लागली, बशीत ओतून फुर्रर्र करून प्यायची. तरी बी द्यायची वेळ आली की तिचं आपलं तेच, पाठ करून भांडी घासणं. मनातली पाल काही गेली नाही.

मग विद्यापीठाच्या नामांतराचे दिवस आले. मोर्चे, बंद, संचारबंदी. खेड्यांतून आमच्या लोकांची घरं जाळल्याच्या बातम्या यायच्या आणि रात्री दाराला आतून पाटा लावून आम्ही झोपायचो. मिस्टर मोर्चात पकडले गेले. दोन सायकली बरोबर निघणं त्याआधीच बंद झालं होतं. मावशीचा दीर गावाहून आला आणि त्यानं कुंपणाच्या जागी पत्रे ठोकले. ठोकण्याचा आवाज दिवसभर येत होता. मी घरात बसून तो ऐकत होते आणि मावशी एक शब्द बोलली नव्हती. ठरलं, म्हटलं, पहिल्या दिवशीची आपली शंका खरीच होती.

त्या हंगामात मावशीच्या झाडांची पानं मुरडून गेली, फळ धरलंच नाही. माझी झाडं लगडली होती. मी एका टमाट्याला चिंधी बांधली, तिच्याच पद्धतीनं. एक दिवस मी दारात गहू निवडत होते, नळावर गल्लीतल्या सगळ्या बायका होत्या, आणि मावशी पत्र्याला वळसा घालून रस्त्यानं, डोक्यावर पदर घेऊन, सरळ माझ्या अंगणात आली. चिंधीच्या टमाट्यापाशी वाकली. नळावरचं बोलणं थांबलं. पत्र्यावरून दिराचं डोकं वर आलं.

"वहिनी, तिथं काय करता?"

"दिसत नाय का? चोरी करते."

"त्यांच्याकडं?"

"बी जिथं असंल तिथंच चोरावं लागतं. तुमच्याकडं हाय का?" आणि माझ्याकडं वळून म्हणाली, "तू तिकडं तोंड कर की, निमे. मालकिणीनं बघितलं तर लागत नाय."

मी भिंतीकडं तोंड केलं. बरं झालं केलं, कारण डोळे वाहत होते आणि मला ते नळावर दाखवायचे नव्हते. टमाटं पदराखाली न लपवता, हातात धरून ती आली तशी रस्त्यानं गेली. चोर तो चोर आणि वर शिरजोर, असं नळावर कुणीतरी म्हणालं आणि बाया हसल्या. त्या हसण्यानं गल्लीतला ताण जरा सैल झाला. दीर गावाला परतल्यावर मावशीनं पत्रे काढून शेळीला आडोसा केला, आणि मिस्टर सुटून आले तेव्हा मावशीचा नवरा आपणहून सायकल घेऊन दारात उभा राहिला. विद्यापीठाला नाव मिळालं त्या दिवशी मी पेढे वाटले. मावशीनं दोन घेतले, एक तिथंच खाल्ला आणि म्हणाली, "लई वाट बघाया लावली गं तुम्हाला." त्या दिवसापासून मी मनातली शंका काढून टाकली. रीत ती रीत, म्हटलं.

पुढं मला शाळेत नोकरी लागली, आम्ही शहराच्या दुसऱ्या टोकाला फ्लॅट घेतला, बाजारात जाड सालीचे संकरित टमाटे आले. मी गॅलरीत तेलाच्या डब्यांत मावशीचेच लावत राहिले. कधी माझं बी वाया गेलं तर मी मुकुंदवाडीला जायचे, कधी तिचं गेलं तर ती रिक्षा करून यायची. रिक्षातून उतरतानाच ओरडायची, "मी चोरीला आले, दार उघड."

तेराव्याला गेले तेव्हा मावशीची जाऊ, त्याच दिराची बायको, शेजारी बसली होती. बोलता बोलता मी म्हटलं, "तुमच्या देवगावाकडची रीत मोठी मजेशीर. बी चोरूनच न्यायचं." तिनं माझ्याकडं नवलानं बघितलं. "आमच्यात असलं काय नाय बाई. रोपाचं म्हणतात लोक कुठं कुठं. बी तर आम्ही हातानंच देतो, वटीत घालून."

म्हणजे ती रीत त्या दुपारी, दाराशी सासू कान देऊन बसलेली असताना, मावशीनं उभ्या उभ्या रचली होती. सासूच्या देखत मला हातानं देणं तिला जमलं नसतं... किंवा तेव्हा तिचं तिलाही ते जमत नसेल. आता कुणाला विचारू? तरुणपणी हे कळलं असतं तर मी कडाकडा भांडले असते. आज तसं वाटत नाही. सरळ नाही म्हणणं तिला किती सोपं होतं. तिनं नाही म्हटलं नाही, थाप मारली, आणि मग ती थाप जन्मभर पाळली. मला एकटीला चोर ठेवलं नाही, भर गल्लीत स्वतः चोर होऊन माझ्या दारात आली. मावशी हसत पाया पडून घ्यायची, आभार मात्र मानू द्यायची नाही. चोरीच्या मालाचे आभार कुणी मानतं का, म्हणायची.

मी निघाले तेव्हा बाळूची बायको चिंधीचं टमाटं तोडून घेऊन आली. तिला या रीतीचं काही माहीत नव्हतं, किंवा माहीत असून तिनं मानलं नाही. "काकू, हे तुम्हाला," म्हणून तिनं सगळ्यांसमोर हात पुढं केला. मी दोन्ही हातांनी घेतलं. टमाटं ऊन लागून कोमट झालं होतं, आणि तिची बोटं माझ्या तळव्याला लागली.

घरी येऊन कुस्करलं, सडवलं, धुतलं, राखेत घोळून वाळवलं, लावलं. मग रोज सकाळी उठून डब्यांत डोकावत राहिले. इतकी शिकलेली मी, पण मागितलेलं लागत नाय हे तिचं बोलणं अंगात असं मुरलेलं की धास्तीच वाटत होती. गेल्या आठवड्यात सगळे कोंब वर आले. हे चोरलेलं नाही, दिलेलं आहे, तेव्हा आता आभार मानायला हरकत नाही... मावशी, हातानं दिलेलंही उगवतं गं.